पाळीवरच्या चुली

माझा आवाज मोठा आहे. माहेरी आई म्हणायची, सासरी सासू म्हणायची, आणि मी ग्रामपंचायतीत निवडून गेले तेव्हा सरपंच पहिल्याच बैठकीत म्हणाले, "ताई, तुमाले माईक कायले पायजे?" मी म्हटलं, "मले नाई पायजे जी. ज्याचा आवाज निंगत नाई त्याले द्या." तर हेही मी मोठ्यानंच सांगणार आहे. ज्याला कानावर हात ठेवायचे त्यानं खुशाल ठेवावेत.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, सानगडीच्या बाजाराला टोपली डोक्यावर घेऊन पायी जाता येईल इतकं जवळ. गावाला तलाव आहे, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आम्हा मासेमारांची घरं. गडीमाणसं जाळं टाकतात. मोठी मासळी मच्छीमार संस्थेच्या काट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या गाडीत. बारीक मासळी आणि झिंगे मात्र बायांचे. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मोडायची कुणाची हिंमतही नाही. ही मासळी आम्ही पाळीवर सुकवतो. मातीची लांबट चूल, तिच्यावर बांबूचा तट्टा, तट्ट्यावर पसरलेली मासळी आणि खाली मोहाच्या फांद्यांचा विस्तव. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. वरून ऊन, खालून धूर. अशी सुकसी गाडग्यात भरून तोंड बांधलं की पावसाळाभर टिकते, आणि श्रावण सुटला की लोक शोधत येतात.

पाळीवरची पहिली चूल माझ्या थोरल्या जावेची. मी तिला बाई म्हणते आणि ती मला भवानी म्हणते. भासरे, म्हणजे तिचा नवरा, गेले तेव्हा तिची पोरगी पाळण्यात होती. दिरानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, "आमच्यातच जेव" म्हटलं तर तिनं दुसऱ्या दिवशी आपली चूल वेगळी मांडली आणि पाळीवर जाऊन बसली. पोरगी आज भंडाऱ्याला नर्सिंग शिकते, ती त्या चुलीवर. बाईकडे शेत नाही, संस्थेत हिस्सा नाही, धानाच्या रोवणीला वाकायची कंबर आता राहिली नाही. तिची ती चूल गेली तर ती माझ्या दारात येऊन बसेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं तिला ओळखलंच नाही. ती उपाशी राहील, पण येणार नाही.

तलावाच्या पल्याड उसना तांदळाची राईस मिल आहे. धान उकडायला मोठा बॉयलर लागतो, आणि बॉयलरमध्ये धानाचाच कोंडा जाळतात. चिमणीतून त्याची राखड उडते. वारा आमच्याकडे असला की अंगणात, वाळत घातलेल्या लुगड्यावर, पाण्याच्या गुंडावर, भाताच्या पातेल्यात, सगळीकडे काळी बारीक राखड. बोटानं चोळली की काचेसारखी टोचते. मिलचा मालक बाहेरचा कुणी नाही, गावातलाच शेतकरी, धानाचा व्यापारी, लहानपणी आमच्या नवऱ्यांबरोबर याच तलावात डुंबलेला. बाईला तो वहिनी म्हणतो. माणूस म्हणून वाईट नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडायला किती सोपं असतं.

तर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत एक तरुण साहेब आले. जिल्ह्याच्या समितीनं हवेच्या गुणवत्तेसाठी शिफारशी तयार केल्या होत्या, हवा मानकांत कशी आणायची त्याच्या, आणि त्या गावोगाव वाचून त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्यायचा होता. साहेब सभ्य होते, आवाज गोड होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिली शिफारस, घरगुती चुलींचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करावा. दुसरी, तलावाच्या पाळीवर मासळी सुकविण्यासाठी होणारा धूर तात्काळ थांबवावा व तेथील चुली काढून टाकाव्यात. तिसरी, धानाच्या बांधीत तनस, म्हणजे पेंढा, जाळू नये. मग कचरा, मग टायर, मग होळीची लाकडं. सगळ्यात शेवटी, लोक उठून लाडू घ्यायला निघाले तेव्हा, "राईस मिलने यथायोग्य काळजी घ्यावी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यथायोग्य म्हंजे काय जी?" मी जागेवरूनच ओरडले. "आमच्या चुली काढून टाका, अन् मिलनं काळजी घ्यावी? कोनाची काळजी घ्यावी, आमची का चिमणीची?"

साहेब हसले. "ताई, हे तुमच्याच आरोग्यासाठी आहे. आता या बाईच बघा," आणि त्यांनी माझ्या जावेकडे हात केला, कारण ती पुढेच बसून खोकत होती. "आयुष्यभर चुलीचा धूर घेतला की फुप्फुसाचं असं होतं."

बाईनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "साहेब, चुलीपाशी मी लगन होऊन आली तवापासून बसून राहिली. खोकला आला मिल आल्यावर. आता तुमीच सांगा, कोनाच्या नावावर लिहायचा?"

लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांनी लिहिलं काहीच नाही. एवढं म्हणाले की पुढच्या महिन्यात हवा मोजायची मशीन आणणार आहोत, एक दिवस एक रात्र पंचायतीच्या गच्चीवर ठेवू, आणि काय ते मशीनच सांगेल. ठराव तोवर पुढे ढकलला.

आता एक गोष्ट मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला शिकवायला येऊ नये. चुलीचा धूर काही अगरबत्तीचा नसतो. डोळे जळतात, छाती भरते, हे मला कळतं. माझ्याही घरी सिलेंडर आहे आणि भरलेला असतो तेव्हा मी त्यावरच चहा करते. धूर बंद करा म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण याच्याशी आहे की गावात दोन धूर आहेत आणि कागदात एकच दिसतो. तोही नेमका तोच, ज्याच्या मागे बसलेल्या बाईला वकील नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर बायांचा नुसता कल्ला. कुणी म्हणे मोर्चा काढू, कुणी म्हणे साहेबाची गाडी अडवू. मग एकीच्या डोक्यात एक अगदी सरळ गोष्ट आली. मशीन येईल त्या दिवशी गावात चूल बंद ठेवायची. एकही चूल पेटवायची नाही, ना घरात, ना पाळीवर. मग मशीनला जो धूर सापडेल तो कुणाचा? चिमणीचाच ना! घ्या मोजून.

चूल बंद आमच्याकडे माहीत नाही असं कुणी नाही. गावात माणूस गेलं की त्याची माती होऊन लोक तलावावरून अंघोळ करून परत येईपर्यंत गावात चूल पेटत नाही. लेकरू कितीही रडो, त्याला गूळ-मुरमुरे द्यायचे. माणूस गरीब असो की पाटील, भांडलेला असो की बोलचालीतला, चूल बंद ती बंद. एका म्हातारीनं शंका काढली, "अवं, कोनी मेलं नसताना चूल बंद कशी ठेवाव?" बाई म्हणाली, "मेलं नाई कोनी. पन मरायची वाट कायले पाहाव?" म्हातारी कुरकुरली, अपशकुन आहे म्हणाली, पण शेवटी तिनंही हो म्हटलं.

आणि इथंच आमची गंमत झाली. गंमत म्हणते आता. तेव्हा म्हटली नसती.

चूल बंदची एक रीत आहे. निरोप घरोघर गेला पाहिजे. एकही घर सुटता कामा नये. ज्याच्या घरी निरोप गेला नाही, त्याला गावातून काढल्यासारखं होतं, आणि तो अपमान माणूस पिढी-दोन पिढ्या विसरत नाही. गावातल्या दोन घरांचं बोलणं अशाच एका सुटलेल्या निरोपावरून आजही बंद आहे. म्हणून आम्ही वाड्या वाटून घेतल्या. बाईच्या आणि माझ्या वाट्याला वरचा टोला, म्हणजे वरची वस्ती आली, आणि वरच्या टोल्यात मिलमालकाचं घर.

माझे पाय थोडे अडखळले, हे खरं. मी म्हटलं, "बाई, याले कायले सांगाव?" बाई म्हणाली, "भवाने, तो गावाचा नाई का? त्याच्या बापाच्या मातीच्या दिवशी आपल्या चुली बंद होत्या. आता त्याचं घर टाकून जाऊ म्हनते?" रीत ती रीत.

मालक ओसरीत खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होता. उठून उभा राहिला. "या वहिनी. काय काढलं?"

"गावात चूल बंद हाये," बाई म्हणाली. "मशीन येनार त्या दिवशी. सांगायले आलो."

"कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. हवा मोजून राहिले ना, म्हनून."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग मान हलवून म्हणाला, "बरं केलं सांगतलं. गाव जे करन ते आमी करू. आमचीही बंद." आणि त्यानं आम्हाला बसवून चहा पाजला. आलं घातलेला, चांगला चहा. आम्ही दोघी तो पिऊन, बशा धुवून ठेवून, खुशीत पाळीवर परतलो. मी बायांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघा, मालकसुद्धा नाही म्हणाला नाही.

मशीन आली त्या दिवसाची सकाळ मी विसरणार नाही. बायकांनी आदल्या दिवशी भात करून पाण्यात घालून ठेवला होता. पोहे भिजवले होते, कांदे चिरले होते. चहाच्या टपरीवाल्यानं स्टोव्हला हात लावला नाही. पोट्टे कण्हत होते, त्यांच्या हातात गूळ दिला. गावावर एवढासा धूर नव्हता. घरांची कौलं, मागचा तलाव, त्याच्या मागचा डोंगर, सगळं धुवून काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. माझी छाती भरून आली, खरंच सांगते. मी बाईला म्हटलं, "बाई, पाय ना आपलं गाव!" ती हसली आणि म्हणाली, "भूक लागली म्हनून तुले गोड दिसून राहिलं."

मग मी तलावापल्याड पाहिलं.

चिमणी गप्प होती. मिलचा रोजचा घरघर आवाज, जो आम्हाला आता ऐकूही येत नाही, तो नव्हता म्हणून ऐकू आला. फाटकाला कुलूप. मिलवर काम करणारा एक गडी सायकलवरून जात होता, त्याला मी हाक मारली. तो म्हणाला, "बॉयलरचं काम निंगालं म्हने मालक. आजची सुट्टी."

मी पंचायतीकडे वळून पाहिलं. गच्चीवर मशीन गुरगुरत होती आणि आमच्या गावची हवा मोजत होती, अशी हवा जी आमच्या लेकरांनी मिल आल्यापासून कधी घेतली नव्हती. आता चुली पेटवाव्यात का? बाया विचारू लागल्या. पण निरोप फिरला होता. चूल बंद मध्येच मोडायची नसते. म्हणून आमच्याच रीतीनं बांधलेल्या आम्ही, दिवसभर आणि रात्रभर अर्धपोटी, मिलच्या बाजूनं साक्ष देत बसलो.

दुसऱ्या दिवशी मशीन गेली, आणि दुपारपर्यंत चिमणी सुरू झाली. बॉयलर इतक्या झटपट बरा झालेला मी दुसरा पाहिला नाही.

एक मेची ग्रामसभा पंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली भरली. ऊन असं की जमिनीवर बूड टेकवत नव्हतं. तेच साहेब, तोच गोड आवाज. त्यांनी सांगितलं की गावाचं अभिनंदन करायला हवं. गावानं एक दिवस स्वतःहून चुली बंद ठेवल्या आणि त्या दिवशी हवा मानकांच्या आत आली. म्हणजे प्रदूषणाचं कारण चुलीच होत्या, हे गावानंच दाखवून दिलं. समितीनं हे उदाहरण म्हणून इतर गावांनाही सांगायचं ठरवलं आहे. आता पाळीवरच्या चुली काढण्याच्या शिफारशीला ग्रामसभेनं मंजुरी द्यावी, एवढंच.

आमचंच उपाशी पोट, आमच्याच डोक्यावर मारलेलं. मी उभी राहिले. माईक कुणी देत होतं, तो मी बाजूला सारला.

"साहेब, त्या दिवशी मिल चालू होती का?"

साहेबांनी कागद चाळले. "मिलबाबत या अहवालात नोंद नाही, ताई."

"नोंद नाई? तिकडं पाहालं नाई म्हंजे नोंद नाई! बंद होती मिल. कुलूप होतं फाटकाले. तुमची मशीन यायची अन् मिलचा बॉयलर बिघडायचा, असा कसा मुहूर्त लागला?"

तेव्हा मालक उठला. शांतपणे म्हणाला, "मी नाकारून नाई राहिलो. बंद होती. गावानं चूल बंद ठेवली, मीही ठेवली. वहिनी अन् ह्या ताई, दोघी स्वतः माह्या घरी सांगायले आल्या होत्या. चहा पिऊन गेल्या. पुसा त्याईले."

सगळ्या गावाच्या माना आमच्याकडे वळल्या. कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. आणि मी, जिचा आवाज तलावापल्याड जातो ती मी, उभीच राहिले, तोंडाला कुलूप. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. शरमेनं नव्हे, संतापानं माझे कान गरम झाले होते. माणुसकीनं निरोप द्यायला गेलो, त्याचा असा फास करतात!

बाई खोकत उठली. सभा थांबली. तिचा खोकला संपायला वेळ लागतो, आणि तो संपेपर्यंत थांबायचं हे आता गावाला सवयीचं झालं आहे. खोकून झाल्यावर तिनं साहेबांकडे पाहिलंच नाही. मालकाकडे वळली.

"भाऊजी, एक इचारू का?"

"इचारा ना वहिनी."

"पहिले तुमच्या घरून दर सालाले माह्यापासून सुकसी नेत. तुमची माय होती तवापासून. पाऊस लागायच्या आधी गाडगं भरून नेत. आता मिल झाल्यापासून कोनी येत नाई. सानगडीच्या बाजारातून आनता म्हने. काहून जी? माह्या हाताची चव गेली का?"

मालक गडबडला. आमच्याकडे बाईला 'तुझ्या हाताची चव गेली' म्हणणं म्हणजे तिला भर चौकात नागवणं. आणि तो काही तसा माणूस नाही. त्याच्या मायनं त्याला तसं वाढवलेलं नाही.

"नाई नाई वहिनी," तो घाईघाईनं म्हणाला, "चव कायची जाते! तुमच्यासारखी सुकसी अख्ख्या तालुक्यात नाई. फक्त... दाताखाली करकर लागते. राखड बसते ना तिच्यावर. पोट्टे खात नाई."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं.

आम्ही रीत पाळायला गेलो आणि फसलो होतो. तोही रीत पाळायला गेला आणि फसला. मला हसूही आलं आणि त्याची थोडी कीवही आली, पण थोडीच.

"राखड," बाई म्हणाली. "धूर तर पहिलेही होता. तवा करकर नव्हती. लिहा ना जी साहेब."

साहेब घाम पुसत म्हणाले, "बाई, असं तोंडी... यंत्राच्या नोंदीशिवाय आम्हाला..."

आता माझं कुलूप निघालं. "तर मशीन परत आना! पन यावेळी कोनाले सांगू नका. आमालेही नाई, मालकालेही नाई. चुली चालू असतीन, मिल चालू असन, जसं गाव रोज रायते तसं मोजा. अन् तोपर्यंत आमचाही ठराव लिहून घ्या. शिफारशी काय फक्त वरूनच खाली येतात का? गावालेही तोंड हाये."

ग्रामसेवकाला मी तिथंच लिहायला लावलं. मी बोलत गेले, बायांनी भर घातली, चार शहाण्या गड्यांनीही भर घातली. पाळीवरच्या चुलींना पंचायतीनं पत्र्याची उंच धुराडी बसवून द्यावीत, म्हणजे आमचा धूर आमच्याच डोळ्यात जाणार नाही. मिलनं चिमणीतली राखड अडवायची सोय करावी आणि आवारातला राखडीचा ढीग झाकून ठेवावा. तनस जाळायचं नाही, हे आम्हाला कबूल; तसंही ते ढोरांच्या तोंडचं आहे. आणि हवा मोजायची ती न सांगता. तोपर्यंत पाळीवरची एकही चूल निघणार नाही.

हात वर झाले. बायांचे तर दोन दोन. मिलवर काम करणारे गडी भिंतीला टेकून उभे होते, त्यांची अडचण मला कळत होती, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तरी त्यांच्यातल्या दोघांनी हात वर केला. मालकानं केला नाही, पण विरोधातही केला नाही. जाताना बाईला "येतो वहिनी" म्हणून गेला.

वाटलं, जिंकलो. मी त्या दिवशी घरी येऊन सिलेंडरवर शिरा केला.

पाऊस लागायच्या आधी जिल्ह्याहून अंतिम शिफारशी आल्या. आमच्या ठरावाचा उल्लेख होता, नाही असं नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ग्रामसभेच्या सूचना विचाराधीन आहेत. चिमणीबाबतही विचाराधीन. विचाराधीन नव्हतं ते एकच, पाळीवरच्या चुली. त्या जागेवर पाटी लावायचा आदेश होता.

सकाळी आम्ही टोपल्या घेऊन पाळीवर चढलो तर पाटी उभी. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'येथे धूर करण्यास मनाई आहे'. लावली कुठं, तर बरोबर बाईच्या चुलीच्या डोक्याशी. खड्ड्यातली माती अजून ओली होती. बाजूला ग्रामसेवक उभा, पाय बदलत, नजर चुकवत. पल्याड चिमणी धूर सोडत होती, आणि वारा आमच्याकडे होता. पाटी नवीकोरी होती, तरी तिच्या वरच्या काठावर काळी राखड बसायला लागली होती.

बाया मागे थांबल्या. मी पाटीला हात घालणार होते, उपटून तलावात फेकणार होते, देवाशपथ. बाईनं माझं मनगट धरलं.

ग्रामसेवक हळूच म्हणाला, "बाई, माझ्या हातात काही नाही. साहेब पाहणीला येणार आहेत. निदान ते येऊन जाईपर्यंत चूल बंद ठेवा."

बाईनं टोपली खाली ठेवली. तट्टा झटकला. पाटीच्या खांबाला टेकून ती उकिडवी बसली, जशी काही तिच्याचसाठी कुणी टेकू लावून दिला होता, आणि चुलीत मोहाच्या फांद्या रचायला लागली.

"चूल बंद मानूस मेल्यावर ठेवतात जी," ती म्हणाली. "एकदा जितेपनी ठेवून पाहाली. आता मी मेली का ठेवजा. साऱ्या गावाले सांगजा, मिललेही सांगजा." तिनं काडी ओढली. "आज मी जिती हाये."

मग खोकला आला. बराच वेळ आला. ग्रामसेवक थांबला, बाया थांबल्या. विस्तव धरत नव्हता आणि तिला फुंकायला दम उरला नव्हता. तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"काय पाहून राहिली वं भवाने? तोंड एवढं मोठं दिलं देवानं. फुंक."

मी गुडघ्यावर बसले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा घेऊन फुंकलं.